जुन्या बॉक्सिंग फाइट्सचं ॲप: भांडायला माल भरपूर, पण राउंड गायब

घाईत असणाऱ्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकतो. जुन्या बॉक्सिंगवरून रात्री उशिरापर्यंत वाद घालणारे मित्र तुमच्याकडे असतील तर हे सबस्क्रिप्शन घ्या, नसतील तर फुकटात ज्या क्लिप्स मिळतात त्यात तुमचं भागेल. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण एक तर पुढे बऱ्यापैकी शिव्या घालणार आहे आणि दुसरं म्हणजे जुन्या फाइट्स दाखवणाऱ्या जवळपास सगळ्यांचीच रड थोड्याफार फरकाने हीच असते, त्यामुळे कुठलंही घेतलंत तरी यातलं बरंच लागू पडेल.

आमचा ग्रुप म्हणजे एक टायसनवाला, एक अलीभक्त, एक जण ज्याच्यासाठी मेवेदरचं ५०-० (पन्नास फाइट, एकही हार नाही) म्हणजे चर्चा संपली, आणि मी हॅगलरवाला, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या मिडलवेट चॅम्पियनचा. सगळ्यात भारी फाइट कुठली आणि सगळ्यात भारी फायटर कोण यावर आमचं कधीच एकमत झालेलं नाही आणि होऊ पण नये, पण गोची अशी की आम्ही सगळे भांडायचो ते हायलाइट्सवर. पाच मिनिटांची क्लिप, वरून म्युझिक, सगळे नॉकडाउन एकामागोमाग एक, आणि त्यावरून कोण ग्रेट ते ठरवायचं. हे ॲप घेण्यामागे कारण एकच होतं, पूर्ण फाइट बघायची, पहिल्या बेलपासून शेवटच्या बेलपर्यंत, दोन राउंडच्या मधल्या, कॉर्नरमध्ये बसायच्या एका मिनिटासकट.

आणि ते जिथे नीट मिळतं तिथे पैसे वसूल आहेत, यात वादच नाही. हॅगलर-हर्न्स घ्या, १५ एप्रिल १९८५, लास व्हेगास, सीझर्स पॅलेसच्या उघड्या मैदानात. याचा पहिला राउंड बघितला नाही असा बॉक्सिंगवाला सापडणार नाही, मी स्वतः तो राउंड झोपेत सांगू शकतो. पण पुढचं? हर्न्सचा उजवा हात पहिल्याच राउंडमध्ये मोडलेला, आणि दुसऱ्या राउंडमध्ये त्याचे पाय बघा, वरून तो अजून जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) टाकतोय, सरकतोय, पण खालून पायात जीवच उरलेला नाही, हे क्लिपमध्ये कधीच कळत नाही कारण क्लिपवाले दुसरा राउंड दहा सेकंदात उडवतात. मग तिसऱ्यात हॅगलरच्या कपाळावरचं रक्त बघून रेफरी रिचर्ड स्टील फाइट थांबवतो आणि डॉक्टरला दाखवतो. त्या काही सेकंदांत हॅगलरला कळलंय की आता आपल्याकडे वेळ नाही, कुणी कट बघून फाइट थांबवली तर बेल्ट गेला, आणि डॉक्टरने परत सोडल्यावर तो ज्या पद्धतीने चालून जातो आणि हर्न्सला संपवतो ते पूर्ण फाइट बघितल्याशिवाय अंगावर येत नाही. आठेक मिनिटांचा सगळा खेळ. इथे प्रिंट स्वच्छ आहे, कॉर्नरचा आवाज आहे, कुठे कात्री नाही. फुल मार्क.

तरीपण ही सगळ्यात भारी फाइट का, तर माझ्या मते नाही, आणि हे मी हॅगलरवाला असून बोलतोय. सगळ्यात भारी राउंड म्हणा, मी सही करतो. पण सगळ्यात भारी फाइट म्हणायची तर त्यात एकदा तरी पारडं फिरलं पाहिजे, कोण जिंकतंय ते प्रेक्षकालाच कळेनासं झालं पाहिजे.

तशी फाइट म्हणजे लेनर्ड-हर्न्स पहिली, १६ सप्टेंबर १९८१. आणि नेमकी इथेच या ॲपने माती खाल्ली.

ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पंधरा राउंडची फाइट, वेल्टरवेट, म्हणजे मिडलवेटपेक्षा हलका वजनगट. हर्न्स म्हणजे उंच, लांब हातांचा, एका उजव्या ठोशात माणूस झोपवणारा, आणि लेनर्ड म्हणजे नाचणारा, हुशार. सुरुवातीला सगळं तसंच, हर्न्स लांबून जॅब मारून राउंड घेतोय, लेनर्डचा डावा डोळा सुजत चाललाय. सहाव्या-सातव्यात लेनर्ड त्याला असा काही हलवतो की वाटतं आता संपली. आणि मग कुणाच्या डोक्यात पण येणार नाही असं होतं, दोघं आपापल्या भूमिकाच बदलतात. नॉकआउट मारणारा हर्न्स मागे सरकत बॉक्सिंग करायला लागतो, पायावर नाचतो, आणि नाचणारा लेनर्ड शिकाऱ्यासारखा त्याच्या मागे. नववा ते बारावा, हे चार राउंड म्हणजे हर्न्सने उभ्या आयुष्यात केलेलं सगळ्यात शहाणं बॉक्सिंग. बाराव्यानंतर कॉर्नरमध्ये ट्रेनर अँजेलो डंडी लेनर्डला सुनावतो की पोरा, हातातली फाइट घालवतोयस, तेराव्यात लेनर्ड हर्न्सला दोरांतून बाहेर पाडतो, चौदाव्यात रेफरी थांबवतो. तेव्हा तिन्ही जजच्या कार्डावर हर्न्स पुढे होता. तिन्ही!

आता या ॲपवरच्या प्रिंटमध्ये आठव्यानंतर थेट बारावा संपतानाची काही सेकंदं येतात. मधले राउंड नाहीतच. म्हणजे ज्या राउंडमुळे हर्न्स पुढे होता तेच गायब, आणि नवीन बघणाऱ्याला काय वाटणार, की लेनर्डने सातव्यात हलवला, चौदाव्यात संपवला, सोप्पं होतं. डंडी ओरडतोय का तेच कळत नाही मग! ही कात्री साधी नाही, हिने अख्ख्या फाइटचा अर्थ बदलतो. मी त्यांना लिहिलं, उत्तर आलं की आमच्याकडे मूळ मटेरियल जसं आलं तसं आम्ही टाकलंय. बरं, आलं असेल तसं, पण मग पानावर 'पूर्ण फाइट' कशाला लिहिता? 'काही राउंड उपलब्ध नाहीत' एवढी एक ओळ टाकायला काय जातं? अजून टाकलेली नाही.

थोडं विषयांतर होईल पण या फाइटवरून आमच्यात जो वाद कायम पेटतो तो म्हणजे बारा राउंड की पंधरा. ही फाइट बाराची असती तर हर्न्स जिंकला असता, सरळ गणित आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीबरोबरच्या फाइटनंतर डुक कू किम हा कोरियन बॉक्सर गेला, चौदाव्या राउंडला पडला होता, आणि त्यानंतर डब्ल्यूबीसीने टायटल फाइट बारा राउंडवर आणली, बाकीच्या संघटना पुढच्या काही वर्षांत मागोमाग आल्या. योग्यच झालं, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण मग आजच्या फायटरला जुन्यांच्या शेजारी ठेवून तोलताना हे तीन राउंड कुठेतरी धरायला नकोत का? अलीभक्त म्हणतो धरायलाच हवेत, मेवेदरवाला म्हणतो सगळे बहाणे आहेत. चालू द्या.

आता ॲपमधलं मला सगळ्यात आवडलेलं फीचर, आणि साडेतीनपैकी एक अख्खा स्टार याचाच आहे. प्रत्येक राउंड संपला की तुम्ही तुमचा स्कोअर टाकायचा, १०-९ (राउंड जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९) कुणाला ते, टाकला की लॉक, मागे जाऊन बदलता येत नाही. फाइट संपल्यावर तुमचं कार्ड एका बाजूला, खऱ्या तीन जजची कार्डं दुसऱ्या बाजूला, आणि बाकी लोकांचा कल कुठे होता ते खाली. ऐकायला साधं वाटतं पण हे लॉक होणं फार महत्त्वाचं आहे, कारण निकाल माहीत असला की माणूस नकळत मागे जाऊन राउंड वाटायला लागतो.

याची खरी मजा हॅगलर-लेनर्डला आहे, ६ एप्रिल १९८७. लेनर्ड डोळ्याच्या ऑपरेशननंतर जवळजवळ रिटायरच झालेला, पाच वर्षांत फक्त एक फाइट, आणि तो सरळ मिडलवेटच्या राजासमोर उभा. आणि उभं राहण्याआधी टेबलावरच अर्धी फाइट जिंकून आलेला, मोठी रिंग, १० औंसचे ग्लोव्ह्ज, पंधराऐवजी बारा राउंड, हे सगळं त्याने मागून घेतलं आणि हॅगलरने जास्त पैसे घेऊन देऊन टाकलं. वर हॅगलर, जन्माचा साउथपॉ म्हणजे डावखुऱ्यासारखा उभा राहणारा, पहिले राउंड उजव्या हाताच्या माणसासारखा उभा राहून लढला! का? आज इतकी वर्षं झाली तरी हॅगलरवाले यावर डोकं आपटतायत. निकाल स्प्लिट, म्हणजे जज फुटले, जिंकला लेनर्ड. एका जजने ११५-११३ हॅगलर, एकाने ११५-११३ लेनर्ड, आणि तिसऱ्याने ११८-११० लेनर्ड. ते ११८-११० कार्ड म्हणजे हॅगलरवाल्यांसाठी शिवी आहे.

आम्ही ही फाइट ॲपवर दोन प्रकारे बघायचं ठरवलं, काहींनी आवाजासकट, काहींनी आवाज पूर्ण बंद करून. आणि मी शपथेवर सांगतो, दोन वेगळ्या फाइट आहेत. आवाज चालू असला की लेनर्ड राउंडच्या शेवटी जी ठोशांची माळ लावतो ना, त्यातले निम्मे हॅगलरच्या हातावर लागतात, पण पब्लिक असं काही ओरडतं, कमेंट्री करणारे पण चढ्या आवाजात येतात, की तुम्ही आपसूक १०-९ लेनर्ड टाकता. आवाज बंद करा, आणि मग दिसतं की मधली दोन मिनिटं पुढे कोण चालतंय, जड ठोसा कुणाचा लागतोय. माझं कार्ड आवाज बंद करून ११५-११३ हॅगलर. आवाज चालू ठेवून बघणाऱ्यांची सगळी कार्डं लेनर्डकडे. पण एक कबूल करावं लागेल, पहिले चार राउंड कसेही बघा, आवाज असो नसो, हॅगलरने ते ताटात वाढून दिलेत, आणि चार राउंड देऊन मग जज चोर म्हणणं जरा जास्तच होतं. हॅगलर त्यानंतर पुन्हा कधी रिंगमध्ये उतरला नाही.

हे स्कोअरचं फीचर फोनवर मस्त चालतं, टीव्हीवर चालतच नाही. म्हणजे मोठ्या स्क्रीनवर फाइट लावायची आणि स्कोअर फोनवर टाकायचा, तर फोनवर पण तीच फाइट चालू करावी लागते. काय लॉजिक आहे देव जाणे.

याच्यापेक्षा मोठा वैताग म्हणजे निकाल आधीच फुटणं. फाइटच्या फोटोवरच एक जण आडवा पडलेला दाखवतात, खाली लिहिलेलं 'नॉकआउट, राउंड १०'. निकाल लपवायचं बटन आहे सेटिंगमध्ये, ते लावलं की अक्षरं जातात, पण व्हिडिओची लांबी तशीच दिसते! बारा राउंडची फाइट आणि व्हिडिओ पंचवीस मिनिटांचा, तर मला कळणार नाही का की ही सहाव्या-सातव्याच्या पुढे जात नाही? पुढच्या पिढीतल्या कुणाला तुम्ही पहिल्यांदा कोराल्स-कास्तिओ दाखवताय आणि त्याला आधीच कळलं की ही दहाव्यात संपते, तर राहिलं काय त्यात.

कोराल्स-कास्तिओचा विषय निघालाच आहे तर, ७ मे २००५, ही प्रिंट ॲपवर अप्रतिम आहे. साडेनऊ राउंड दोघं डोक्याला डोकं लावून लढलेत, कुणी मागे सरकायला तयार नाही, आणि दहाव्यात कोराल्स पडतो, उठतो, परत पडतो. डोळा बंद झालेला, आणि दुसऱ्यांदा पडल्यावर माउथपीस काढून टाकतो. रेफरी टोनी वीक्स एक पॉइंट कापतो, माउथपीस धुऊन परत घालेपर्यंत कोराल्सला श्वास घ्यायला वेळ मिळतो, आणि त्याच राउंडमध्ये, त्याच राउंडमध्ये, तो कास्तिओला दोरांवर उभ्या-उभ्या असा धरतो की फाइट थांबवावी लागते. माउथपीसवरून आमच्यात दोन पार्ट्या, चीटिंग की डोकं. माझं मत, एक पॉइंटची किंमत मोजून घेतलेली विश्रांती आहे ती, नियमात शिक्षा होती ती झाली, विषय संपला. इथे ॲपचा फायदा असा की तो सगळा वेळ कात्री न लावता तसाच ठेवलाय, स्टॉपवॉच लावून भांडा. हायलाइट्समध्ये पडला-उठला-मारला एवढंच असतं, मधला तो वेळच कापून टाकतात, मग चीटिंगवाल्यांना आपलं म्हणणं सिद्ध तरी कसं करता येणार! कोराल्स बरोबर दोन वर्षांनी त्याच तारखेला मोटारसायकल अपघातात गेला.

गाटी-वॉर्डचा नववा राउंड पण पूर्ण आहे, मे २००२ ची पहिली फाइट. सुरुवातीलाच वॉर्डचा बरगडीखालचा डावा हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) आणि गाटी खाली, चेहऱ्यावरची वेदना बघवत नाही, मग उठून तोच गाटी वॉर्डला मागे रेटतो, मग परत वॉर्ड. तीन मिनिटांत तीनदा वाटतं संपली. दुसरी आणि तिसरी फाइट पण आहे, त्या बघाच असं नाही.

चावेझ-टेलर, १७ मार्च १९९०. यावर लिहिल्याशिवाय कुठलाही बॉक्सिंगवाला गप्प बसू शकत नाही. बाराव्या राउंडचे दोन सेकंद बाकी असताना रिचर्ड स्टीलने थांबवली, हो तोच स्टील. टेलर दोन कार्डांवर आरामात पुढे होता, १०७-१०२ आणि १०८-१०१, म्हणजे नुसता उभा राहिला असता तरी जिंकला. क्लिपमध्ये काय दिसतं, तर टेलर पडतो, उठतो, स्टील विचारतो, टेलर आपल्या कॉर्नरकडे बघतो जिथे त्याचा ट्रेनर लू डुवा वर चढून आलाय, उत्तर नाही, संपलं. मग सगळे स्टीलला शिव्या. पण अकरा राउंड बघून मग तिथे पोचा ना. टेलर जवळजवळ प्रत्येक राउंड जिंकतोय आणि प्रत्येक राउंडनंतर त्याचा चेहरा आणखी बिघडलेला आहे. वेग त्याचा, ठोशांची संख्या त्याची, पण चावेझचा एकेक ठोसा आत मुरतोय. शेवटच्या राउंडपर्यंत तो माणूस रक्त गिळत लढत होता, चेहऱ्याचं हाड मोडलेलं, नंतर थेट हॉस्पिटल. माझ्या मते स्टील बरोबर होता. घड्याळ बघणं रेफरीचं काम नाही, समोरचा माणूस बघणं आहे. यावर आमच्या ग्रुपमध्ये मी एकटा आहे आणि मला काही फरक पडत नाही.

टायसनवाल्याबद्दल. ॲपचं पहिलं पान म्हणजे त्याच्यासाठीच बनवल्यासारखं आहे, टायसन, टायसन आणि टायसन. स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवलेली फाइट तो अजून दर आठवड्याला लावतो. मी त्याला जबरदस्तीने बसवून टोकियोची, डग्लसकडून हरलेली पूर्ण दाखवली, ११ फेब्रुवारी १९९०. त्याचं नेहमीचं म्हणणं, आठव्यात डग्लस पडला तेव्हा रेफरीने हळू मोजलं, नाहीतर टायसन जिंकलेलाच होता. अरे पण बाकीचे राउंड बघ ना! पहिल्या राउंडपासून डग्लसचा जॅब टायसनच्या तोंडावर आहे, टायसन आत शिरला की मिठी, बाहेर निघताना उजवा. आणि मधल्या मिनिटात टायसनच्या कॉर्नरकडे बघा, डोळा सुजलाय आणि सूज दाबायचं जे गार लोखंड प्रत्येक कॉर्नरमध्ये असतंच ते यांच्याकडे नाही, रबरी ग्लोव्हमध्ये बर्फाचं पाणी भरून डोळ्यावर धरलंय! जगातल्या सगळ्यात महागड्या हेवीवेटच्या कॉर्नरमध्ये ही तयारी. हे एक दृश्य बघितलं की त्या फाइटचा निम्मा निकाल कळतो, आणि कुठल्याच हायलाइटमध्ये ते नसतं. टायसनवाला गप्प बसला, पण फक्त त्या दिवसापुरता.

अलीभक्ताला पण ॲपने एक भेट दिलीय, किन्शासाची फोरमन फाइट पूर्ण, ऑक्टोबर १९७४. सगळ्यांना वाटतं अली सात राउंड दोरांवर पडून मार खात राहिला आणि आठव्यात जादू झाली. बिलकुल नाही. पहिल्याच राउंडमध्ये तो सरळ उजव्या हाताने मारतोय, जॅब न टाकता, जे फोरमनसारख्या माणसासमोर म्हणजे वेडेपणा, आणि दोरांवर असतानाही राउंड संपता संपता फोरमनच्या तोंडावर टकाटक ठोसे लागतायत. मार खाल्ला खरा, पण राउंडही जिंकत होता. मनीलाची, म्हणजे अली-फ्रेझर तिसऱ्या फाइटची, प्रिंट मात्र आडवी ताणलीय, फ्रेझर आधीच रुंद, इथे तर अजूनच चौकोनी दिसतो. अलीभक्त मनीला सगळ्यात भारी म्हणतो, चौदाव्यानंतर ट्रेनर एडी फ्युचने फ्रेझरला पुढे जाऊ दिलं नाही, तो क्षण वगैरे. मला मार्च १९७१ ची पहिलीच मोठी वाटते, दोघंही तोवर न हरलेले आणि दोघंही अजून पूर्ण भरात, पंधराव्यातला फ्रेझरचा तो डावा हुक आणि अली पाठीवर. मनीलात दोघांचे फक्त अवशेष लढत होते. हे ऐकून अलीभक्त माझ्याशी नीट बोलत नाही सध्या.

मेवेदरवाल्याला मी एप्रिल २००२ ची कास्तिओबरोबरची पहिली फाइट स्कोअर करायला लावली, निकाल लपवून काय उपयोग, त्याला पाठच आहे. तरी त्याच्या स्वतःच्या लॉक झालेल्या कार्डावर कास्तिओ जिंकला. खऱ्या तिन्ही जजनी मेवेदरला दिली होती. तेव्हापासून तो म्हणतो ॲपमध्ये बग आहे.

आता माझी सगळ्यात मोठी तक्रार. ॲपवाल्यांनी स्वतःची एक 'सर्वकालीन महान' यादी बनवलीय आणि तिच्यात जो वर आहे त्याचं कारण एकच, त्याचं फुटेज चांगलं आहे. शुगर रे रॉबिन्सनचं बघा. चाळीसच्या दशकात वेल्टरवेटला हा माणूस काय होता, १९५१ पर्यंत सव्वाशेच्या वर फाइट्स आणि हार फक्त एक, तीही लामोटाकडून, आणि त्याच लामोटाला बाकी पाच वेळा हरवलेला. पण त्या वर्षांचं फिल्म जवळपास नाहीच. आपण बघतो तो मिडलवेटचा, वय झालेला रॉबिन्सन, १९५१ ची शिकागोची लामोटावाली शेवटची फाइट, १९५७ मध्ये मागे जाता जाता फुलमरला मारलेला डावा हुक. म्हणजे उतारावरचा रॉबिन्सन एवढा, तर चढावरचा काय असेल? यादीत त्याला लेनर्डच्या खाली टाकलाय. लेनर्डच्या! हॅरी ग्रेब तर यादीत नाहीच, कारण त्याच्या फाइटचं एक सेकंदाचं फिल्म शिल्लक नाही. ज्या जीन टनीने पुढे डेम्प्सीला दोनदा हरवलं त्याला आयुष्यात एकदाच हार मिळाली, ती ग्रेबकडून, १९२२ मध्ये. त्याच्या पानावर एक फोटो आणि दोन ओळी. हेन्री आर्मस्ट्राँगने १९३८ मध्ये एकाच वेळी तीन वजनगटांचे बेल्ट ठेवले होते, तेव्हा, जेव्हा वजनगट एकूण आठ आणि प्रत्येकाचा चॅम्पियन साधारण एकच. आज सतरा वजनगट आणि प्रत्येकात चार-चार बेल्ट, हिशोब तुम्हीच करा. पण आर्मस्ट्राँगचं फुटेज धूसर, म्हणून तो पार तळाला.

फिल्म नाही ही ॲपची चूक नाही, मान्य. पण फिल्म नाही तर निदान लिहा, त्या काळातल्या पेपरांनी राउंड-राउंड छापलेत, रेकॉर्ड आहेत, कोण कुणाला हरवून आलं ते आहे. आमच्या ग्रुपमध्ये सुद्धा हाच रोग, जे दिसलं तेच ग्रेट, आणि असं ॲप त्या रोगाला खतपाणी घालतं. नवीन पोरगं ही यादी बघून ठरवणार की बॉक्सिंग १९७१ ला सुरू झालं.

बाकी किरकोळ. शोधायची सोय भयंकर आहे, आडनाव जरा इकडचं तिकडे झालं की काही सापडत नाही. ऐंशीच्या दशकातल्या चौघांच्या, म्हणजे लेनर्ड, हर्न्स, हॅगलर, दुरान, आपापसातल्या एकूण नऊ फाइट, त्या एका जागी ओळीने लावल्यात, हे छान केलंय, फक्त लेनर्ड-हर्न्सचं वर सांगितलं ते सोडून. दुरानच्या चाहत्यांनी १९८९ ची बार्कलीवाली शोधा, त्या नऊमध्ये नाही म्हणून कुणी बघत नाही, सदतीस वर्षांचा माणूस मिडलवेटला काय करतो ते बघा. होम्स-नॉर्टन १९७८ पण पूर्ण पंधरा राउंड आहे, चौदानंतर तिन्ही कार्डांवर बरोबरी आणि सगळं पंधराव्यावर, स्कोअरचं फीचर वापरून बघायला याच्याइतकी चांगली फाइट दुसरी नाही.

घेणार असाल तर महिन्याचं घ्या, वर्षाचं अजिबात नको. हक्क इतके विखुरलेत, काही एका चॅनलकडे, काही दुसऱ्याकडे, एचबीओने तर २०१८ ला बॉक्सिंगच बंद केलं, की फाइट्स न सांगता येतात आणि न सांगता जातात. मी बरेरा-मोरालेसच्या तिन्ही लागोपाठ बघायच्या म्हणून बाजूला लावून ठेवल्या होत्या, पहिली बघितली, दुसरी उघडायला गेलो तर पानच नाही, तिसरी आहे. पहिली आणि तिसरी! विचारलं तर म्हणाले परत येईल, कधी ते सांगता येणार नाही.